‘कट’ या शब्दाची हकीकत

आज आपणांपुढें मी एका अगदीं लहान इंग्रजी शब्दाची हकीकत मांडणार आहें. तो शब्द म्हणजे ‘कट’. इंग्रजी शिकूं लागलेल्या मुलाला तो पहिल्याच वर्षीं भेटतो आणि पुढें जन्मभर नवीं नवीं सोंगें घेऊन त्याच्यासमोर येतो. इंग्रज मनुष्य पाव ‘कट’ करतो आणि केंसही. हिरा ‘कट’ करतो आणि कालवाही. नोकरांचा पगार कमी केला तरी ‘कट’, विद्यार्थ्यानें तास चुकविला तरी ‘कट’. ओळखीचा गृहस्थ समोरून येत असतां न पाहिल्यासारखें करून पुढें जाणें, हेंही ‘कट’. आणि नवल असें, कीं तान्ह्या मुलाला दांत आला तरी त्यानें दांत ‘कट’ केला!

आपल्याकडे यांतील प्रत्येक गोष्टीची वाट निराळी. कालवा आपण खणतों, हिऱ्याला पैलू पाडतों, तास बुडवितों, ओळख देत नाहीं. आणि बाळाला दांत येतात, त्यांत कापाकापी कांहीं नाहीं. खरोखरीच कापण्याचें काम असलें, तरीही एका शब्दावर आपलें भागत नाहीं. कांदा चिरावा, सुपारी कातरावी, कोथिंबीर खुडावी, फांदी छाटावी, ऊंस तोडावा, सरपण फोडावें, आणि शिंप्यानें कापड बेतावें. ही केवळ शब्दांची श्रीमंती नव्हे. ‘चिरणें’ म्हटलें कीं धारेची सरळ रेघ डोळ्यांपुढें येते. ‘कातरणें’ म्हटलें कीं कात्रीचीं किंवा अडकित्त्याचीं दोन पातीं आलीं. ‘खुडणें’ याला तर हत्यारच नको, नख पुरे. ‘छाटणें’ यांत उरलेलें झाड नीट वाढावें ही काळजी आहे. आणि देवापुढचा नारळ तर जुनीं माणसें फोडीत नाहींत, वाढवितात.

हें सारें प्रत्यक्ष पाहावयाचें, तर जळगांव जिल्ह्यांत मुक्ताईनगरच्या बाजूला यावें. पूर्वींचें एदलाबाद तें हेंच. संत मुक्ताबाईंचें हें क्षेत्र. जवळच चांगदेव येथें पूर्णा नदी तापीला मिळते. या भागांत कापूस वेचतात, ज्वारीचीं कणसें खुडतात आणि केळीचा घड कापतात. केळीचें झाड एकदांच घड देतें. परंतु त्याच्या बुंध्याशीं पिलें फुटत असतात. तीं वेळोवेळीं काढावीं लागतात, नाहीं तर मूळ झाडाचा जोर खातात. मात्र एक जोमदार पील राखून ठेवावयाचें असतें. कारण पुढची ‘पील बाग’ त्यावरच उभी राहते.

आतां कल्पना करा, कीं शहरांत वाढलेला एखादा तरुण मालक बागेंत येतो आणि झाडाकडे बोट करून नव्या गड्याला सांगतो, ‘हें कट कर.’ काय कापावयाचें? घड, वाळलेलें पान, कीं पील? आणि पील म्हटलें तर कोणतें, काढावयाचें कीं राखावयाचें? विळा एकदां फिरला, कीं पुढच्या पिकाची आशाही त्याबरोबर गेली. जुना जाणता मनुष्य ‘पिलें काढ, एक राख’ एवढेंच म्हणतो. त्यांत सारें शास्त्र येतें.

आपणांस वाटेल, इंग्रजी या बाबतींत मुळांतच गरीब असावी. तसें नाहीं. इसवी सनाच्या १३ व्या शतकाच्या सुमारास ‘कट’ पुढें आला. त्याचें मूळ कोशकारांना निश्चित करतां आलेलें नाहीं. त्याच्या आधीं कापण्यासाठीं त्या भाषेंत निरनिराळीं क्रियापदें होतीं. त्यांतील ‘कार्व्ह’ हें नक्षीकाम, कोरीव काम व शिजलेलें मांस यांपुरतें उरलें, ‘शिअर’ मुख्यतः मेंढीच्या लोकरीपाशीं जाऊन बसलें, आणि एक जुनें क्रियापद तर प्रमाण भाषेंतून नाहींसेंच झालें. एका सोयीच्या शब्दानें घर बळकावलें तें असें.

तोच पाहुणा आतां आपल्या घरीं आहे. फोन ‘कट’ होतो, वीज ‘कट’ होते, अर्धा पेला चहा ‘कटिंग’ होतो. याला माझी हरकत नाहीं. नव्या वस्तूबरोबर नवा शब्द यावयाचाच. आपल्याजवळही जुना ‘कट’ आहेच, एक कारस्थानाचा आणि दुसरा पुरणाच्या डाळीचा, ज्याची आमटी होते. बिघडतें तें, ‘कांदा कट करून दे’, ‘फांदी कट करून टाक’ असें आपण बोलूं लागलों म्हणजे. तेथें नवें कांहींच आलें नाहीं, जुनें मात्र गेलें.

याच जिल्ह्यांतील असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना अक्षरओळख नव्हती. त्यांचीं गाणीं १९५२ मध्यें पुस्तकरूपानें आलीं, तेव्हां शेतांतल्या नि घरांतल्या कामाचे शब्द किती अर्थ पेलूं शकतात, हें महाराष्ट्राला उमगलें. ते शब्द त्यांनीं कोशांतून घेतले नव्हते. रोजच्या कामांत ते हाताशींच होते.

म्हणून, श्रोतेहो, एवढीच विनंति. घरीं मूल विळीपाशीं येऊन बसलें, तर त्याला सांगा: ही भाजी चिरावयाची, ही खुडावयाची, ही नुसती निवडावयाची. हात शिकेल तेव्हांच शब्दही शिकेल. आणि शब्द राहिला, तर पुढें कोणतें पील राखावयाचें, हेंही त्याला कोणी तरी सांगूं शकेल.