परगावी शिकणाऱ्या मुलांचे एकाकीपण

(संस्थेच्या वार्षिक सभेत सौंदड येथे दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



सौंदडहून लोहमार्ग गोंदिया व बल्लारशाकडे जातो, महामार्ग नागपूर व रायपूरकडे. या वाटांनी आपली मुले-मुली महाविद्यालयीन शिक्षणासाठी बाहेर पडतात. वसतिगृहात झाडीबोलीचा हेल ऐकून कोणी हसले, की मूल बोलणेच कमी करते. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, दंडार रंगते. त्या वेळी ते परक्या शहरात असते. फोनवर मात्र ‘सगळे ठीक आहे’ एवढेच सांगते.

एकटे असणे आणि एकाकी असणे यांत भेद आहे. आपल्याला हवासा वाटणारा स्नेह आणि प्रत्यक्षात लाभलेला स्नेह यांतील अंतर म्हणजे एकाकीपण, असे मानसशास्त्रज्ञ मानतात. म्हणूनच शेकडो मुलांच्या वसतिगृहातही ते आढळते. वॉरन जोन्स व सहकाऱ्यांनी १९८५ साली अमेरिका आणि प्वेर्तो रिको येथील विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भाषा व संस्कृती भिन्न असूनही दोन्हीकडे एकाकीपणाबरोबर बुजरेपणा आणि स्वतःविषयीचे हीन मत दिसून आले. एकाकी मन इतरांच्या साध्या मौनातही नकार वाचते आणि अधिकच मागे सरते. अशा मुलाला ‘मित्र जोड’ असा नुसता उपदेश पुरत नाही. पहिले पाऊल इतरांनी टाकावे लागते.

याचे थोर उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, पती सोबत नसताना वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या. त्यापूर्वीच न्यू जर्सीतील थिओडोसिया कार्पेंटर या अपरिचित बाईंनी एका नियतकालिकात त्यांच्याविषयी वाचून आपण होऊन पत्र लिहिले होते. पुढे आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. परका देश, कडक थंडी, निराळा आहार, ढासळती प्रकृती. तरीही १८८६ साली त्यांनी पदवी मिळवली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. स्नेहाने क्षय बरा झाला नाही, हे खरे. परंतु त्या स्नेहाने एका विद्यार्थिनीला परदेशी घर दिले.

जगात सहापैकी एक व्यक्ती एकाकीपणाने ग्रासलेली आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात म्हटले आहे. तरुणांत त्याचे प्रमाण अधिक आहे.

पालकांना माझी विनंती आहे, की गुणांची चौकशी करण्याआधी ‘आज कोणाबरोबर जेवलास?’ असे विचारावे. शहरात स्थिरावलेल्या आपल्या गावकऱ्यांनी नव्या विद्यार्थ्यास एखाद्या रविवारी घरी बोलवावे. देणगीदारांनी शिष्यवृत्तीबरोबर पत्रव्यवहारही ठेवावा. झोप व भूक उडाली, अभ्यास सुटला वा जगण्याविषयी निराशेचे शब्द कानी आले, तर ‘नखरे’ म्हणून दुर्लक्ष न करता डॉक्टरांना दाखवावे. शासनाची टेली-मानस ही निःशुल्क सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस आणि मराठीतूनही बोलता येते.

रुग्णालयाची इमारत आपल्या दानातून उभी राहते. हे दुसरे दान मात्र पैशाचे नाही. ते आपुलकीच्या चार शब्दांचे आहे आणि ते प्रत्येकाच्या आवाक्यातील आहे.