पोर्तुगीज चर्चमध्ये जुनं काय उरलंय?

हेडफोन लावलेत ना? चला, आज दादरला जाऊ.

गोखले रोडवर पत्ता सांगताना लोक हमखास 'पोर्तुगीज चर्चच्या अलीकडे' नाहीतर 'पलीकडे' असं सांगतात. नाव ऐकून कुणी पहिल्यांदाच बघायला गेलं, की गोंधळतं. डोक्यात असतात उंच मनोरे, वसईच्या किल्ल्यातल्यासारखे काळे दगड. समोर दिसतात काँक्रीटची वळणदार छपरं. मग प्रश्न येतो, 'अरे, जुनं चर्च कुठाय?'

तर हेच ते. खरं नाव अवर लेडी ऑफ साल्वेशन. १५९६ साली फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी इथे चर्च उभारलं. तेव्हा मुंबईची बेटं पोर्तुगिजांकडे होती. १६६१ च्या लग्नाच्या तहात ती इंग्लंडच्या राजाला मिळाली आणि १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. १७२० मध्ये इंग्रजांनी पोर्तुगीज पाद्र्यांना बेटावरून काढलं आणि त्यांच्या जागी कार्मेलाइट पंथाचे पाद्री आणले. राज्य बदललं, पाद्री बदलले, पण प्रार्थनेची जागा तीच राहिली. आणि नावात पोर्तुगीज असलं, तरी मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांची, म्हणजे ईस्ट इंडियन मंडळींची, बोली मराठीचीच आहे बरं का!

आजची इमारत १९७० च्या दशकातली. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया. त्यांनी जुन्या चर्चची नक्कल केली नाही. काही जागा छपराखाली आणि मध्येमध्ये मोकळे चौक, अशी रचना केली. गरम हवा छपरातून वर निघून जाते. मुंबईच्या उकाड्यात माणसं कशी बसतील, कुठे थांबून बोलतील, याचा विचार आधी झालाय.

आता परळला या. हाफकिन इन्स्टिट्यूटची इमारत बघा. ती जागा एकेकाळी जेझुइट पाद्र्यांची. पुढे तिथे गव्हर्नरचा बंगला झाला आणि १८९९ मध्ये प्लेगवर संशोधन करणारी प्रयोगशाळा आली. म्हणजे दादरच्या बरोबर उलट. दादरला इमारत गेली, काम राहिलं. परळला वास्तू टिकली, काम बदललं.

तिसरा प्रकार तर रोज लोकलमध्ये ऐकतो. चर्चगेट! कोटातल्या सेंट थॉमस चर्चकडे जाणारा तो दरवाजा होता. (ते चर्च कॅथलिक नाही, अँग्लिकन. १७१८ मधलं.) १८६० च्या दशकात कोटाच्या भिंती पाडल्या, दरवाजाही गेला. राहिलं फक्त नाव.

मग यातलं खरं हेरिटेज कोणतं? भिंत, काम की नाव?

पॅरिसचं नोत्र दाम घ्या. बांधकाम सुरू झालं ११६३ मध्ये. २०१९ च्या आगीत त्याचा उंच कळस कोसळताना सगळ्यांनी मोबाइलवर पाहिला, हळहळले. पण तो कळस मध्ययुगातला नव्हताच, एकोणिसाव्या शतकातला होता. लोकांनी त्याला आपलं मानलं होतं, एवढंच.

हे सगळं आज का सांगतोय? मी लालबागच्या चाळीत वाढलो. आता आमच्या चाळीचं रिडेव्हलपमेंट ठरतंय. मीटिंगला चर्चा कसली, तर कार्पेट किती आणि पार्किंग किती. ते महत्त्वाचं आहेच, संडाससाठी रांग लावलेल्या माणसाला भिंतींचं कौतुक सांगू नये. चाळ पडणार, आणि पडायलाही हवी. पण गणपती कुठे बसणार, संध्याकाळी म्हाताऱ्या कुठे टेकणार, पोरं कुठे खेळणार, असं विचारलं की उत्तर येतं, 'ते नंतर बघू.'

मंडळी, एकदा प्लॅन मंजूर झाला की 'नंतर' नसतं. मोकळा चौक कागदावर नसेल, तर तो विसाव्या मजल्यावर उगवत नाही.

दादरचं चर्च मला म्हणूनच आवडतं. जुनं पाडून नवं बांधताना काय सोडायचं आणि काय सोबत न्यायचं, हे तिथे आधी ठरलं होतं.

तुमच्या गिरगावात, परळात, दादरात अशी मीटिंग असेल, तर कार्पेटनंतरचा दुसरा प्रश्न तुम्ही विचारा. काय उत्तर मिळालं, ते मला व्हॉइस नोटवर कळवा. भेटू पुढच्या भागात!