कार्डांची माळ कोणाच्या हाती?

(सोलापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहींच्या कपाळावर आठ्या पडल्या, हे मी इथून पाहिले. यंत्रमाग कामगाराचे वेतन, विडी कामगार भगिनींचा भविष्यनिर्वाह निधी हे प्रश्न उभे असताना संगणकाच्या पडद्यावरील रंग, अक्षरे आणि बटणे यांची चिंता वाहण्याची चैन आपल्याला परवडते काय? शंका रास्त आहे. परंतु त्या निधीचा हिशेब त्या भगिनीला आता पडद्यावरच पाहावा लागतो. सातबारा पडद्यावर आहे, मुलाचा निकाल पडद्यावर आहे, सरकारी योजनेचा अर्जही तिथेच आहे. तो पडदा आपल्या डोळ्यांना वाचता येईल असा लावून घेण्याचा अधिकार वाचणारीचा की साधन बनविणाऱ्या कंपनीचा, एवढाच माझा विषय आहे.

ज्या साधनातून आपण संकेतस्थळे वाचतो त्याला परिभाषेत 'न्याहाळक' म्हणतात. शब्द वाईट नाही, पण तो बोलताना कोणी वापरीत नाही. मी ब्राउझर असेच म्हणेन.

सोलापुरी चादर विणताना ज्याने पाहिली आहे, त्याला जेकार्ड समजावून सांगावे लागत नाही. मागाच्या डोक्यावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरते. भोक असेल तिथे सुई आत जाते आणि तिच्याशी जोडलेला उभा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. माग तोच, सूत तेच, पण माळ बदलली की मोराच्या जागी कमळ येते. फ्रान्समधील लिआँ शहरात जोसेफ मारी जाकार याने १८०४ च्या सुमारास ही रचना सिद्ध केली आणि पुढे इंग्लंडात चार्ल्स बॅबेजने आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यासाठी कार्डांची कल्पना तिच्यातूनच उचलली. संगणकाचे एक मूळ असे मागावर असल्यामुळे सोलापूरकराने त्याच्यापुढे बिचकण्याचे मुळीच कारण नाही. पण मला सांगायचे आहे ते वेगळेच. नक्षी बदलण्याची सोय यंत्रात असणे ही एक गोष्ट आणि कार्डांची माळ कोणाच्या हाती आहे ही दुसरी. मजुरीवर विणणाऱ्याच्या हाती ती कधीच नव्हती. नक्षी ठरविली ती मालकाने आणि व्यापाऱ्याने. ब्राउझरच्या बाबतीत मात्र ती काही वर्षे खरोखरच वापरणाऱ्याच्या हाती होती. ती त्याच्या हातून हळूहळू काढून घेण्यात आली.

ती त्याच्या हाती असावी, असा मूळ संकेतच होता. संकेतस्थळाची अक्षरे, रंग, समास यांची मांडणी ज्या नियमांनी होते, त्या नियमपद्धतीचा पहिला प्रस्ताव ऑक्टोबर १९९४ मध्ये होकोन व्ह्यूम ली या नॉर्वेजियन तंत्रज्ञाने सर्न संस्थेत मांडला. त्यात लेखकाची मांडणी आणि वाचकाची मांडणी अशा दोहोंना स्थान होते; कोणाचा शब्द किती चालावा याची वाटणीही त्याने सुचविली होती. १९९६ मध्ये ही पद्धती मानक झाली आणि १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत असा स्पष्ट नियम आला, की वाचकाने आपली सूचना अत्यावश्यक म्हणून नोंदविली असेल तर लेखकाच्या सूचनेवर ती मात करील. ज्याचे डोळे अधू आहेत त्याच्याशी पानाच्या रचनाकाराने वाद घालू नये, इतका साधा विचार त्यामागे होता. हा नियम कागदावर आजही आहे. तो वापरण्याचे दार मात्र एकेक करून बंद होत गेले.

२००४ च्या नोव्हेंबरात फायरफॉक्स आला तेव्हा त्याची कीर्तीच अशी होती, की घ्यावा आणि हवा तसा करून घ्यावा. पट्ट्या हलवाव्यात, बटणे काढावीत, सगळी वेशभूषा बदलावी. जे मुळात नाही ते स्वयंसेवकांनी लिहिलेल्या पुरवण्यांतून जोडावे. आपल्याकडे याचे मोल विशेष होते. त्या काळात भारतीय भाषांतील कितीतरी संकेतस्थळे आपापल्या खाजगी फाँटमध्ये छापलेली असत. तो फाँट तुमच्यापाशी नसला की मराठी मजकुराच्या जागी चिन्हांचा चिवडा दिसे. 'पद्म' नावाची एक पुरवणी असा मजकूर वाचता वाचता युनिकोडमध्ये बदलून देत असे. कोणा कंपनीने नव्हे, गरज असलेल्या माणसांनी ती केली होती, आणि ब्राउझरने तिला आड येऊ नये एवढेच त्यासाठी पुरेसे होते.

मग चक्र उलटे फिरले. २०१३ मध्ये ऑपेराने आपले जुने इंजिन टाकले, तेव्हा नव्या रूपात पुष्कळशा सोयी राहिल्या नाहीत. २०१४ च्या आरंभी क्रोमने वाचकाच्या स्वतःच्या मांडणीची फाईल वाचणे सोडले; त्याच एप्रिलमध्ये फायरफॉक्सच्या नव्या रूपाने लहान बटणे आणि खालची पट्टी नेली. १४ नोव्हेंबर २०१७ रोजी फायरफॉक्सची ५७ वी आवृत्ती निघाली आणि जुन्या पद्धतीच्या साऱ्या पुरवण्या व पूर्ण वेशभूषा एका दिवसात निरुपयोगी झाल्या. २०१९ मध्ये वाचकाच्या मांडणीची फाईल मुळात बंद ठेवून तिची किल्ली आडबाजूच्या पानावर दडविण्यात आली. आणि २०२१ मध्ये त्याच ब्राउझरने मोठ्या थाटात १८ रंगछटा सादर केल्या, त्याही मर्यादित मुदतीसाठी! जो वाचक कालपर्यंत आपली नक्षी स्वतः काढीत होता त्याला आज दुकानदार सांगतो, की सेल चालू आहे, अठरांतून एक उचला.

दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. जुन्या पुरवण्यांना ब्राउझरच्या अंतरंगात कुठेही हात घालता येत असे. त्या वाटेने चोरही शिरत. ब्राउझरच्या घडणीत काही सुधारणा करावी तर शेकडो पुरवण्या मोडत. २०१७ चा निर्णय घेणारे दुष्ट नव्हते, आणि त्यानंतर फायरफॉक्स वेगवान झाला हेही खरे. माझा आक्षेप दुसऱ्या युक्तिवादाला आहे. 'ही सोय फार थोडे लोक वापरतात, म्हणून ती काढली', असे वारंवार सांगण्यात येते. जिन्याशेजारचा उतारही फार थोडे लोक वापरतात, साथींनो. शिवाय ही मोजदाद होते ती वापराची माहिती कंपनीला पाठविणाऱ्यांची. जो जागरूक माणूस ती माहिती पाठविणे बंद करतो, तो त्यांच्या हिशेबी अस्तित्वातच नसतो.

यात सत्तेचा प्रश्नही आहे. जगातील सुमारे दोन-तृतीयांश वाचन आज एकट्या क्रोममधून होते. त्या क्रोमची मालक असलेल्या गूगलचा मुख्य धंदा जाहिरातींचा. २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांत क्रोमने पुरवण्यांचे जुने नियम मोडीत काढले, तेव्हा जाहिराती अडविणारी एक अतिशय लोकप्रिय पुरवणी तिथे चालेनाशी झाली. फायरफॉक्स चालविणाऱ्या मोझिलाचे उत्पन्नही बहुतांशी गूगलशी झालेल्या करारातूनच येते. आणि आपला बहुसंख्य वाचक ज्या फोनवर वाचतो, त्या फोनवरील क्रोममध्ये पुरवणी जोडण्याची सोय मुळातच नाही.

आता मराठीकडे येतो. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची लेखनपद्धती प्रमाणित केली, १० नोव्हेंबर २०२२ रोजी ती सुधारून पुन्हा जाहीर केली. त्यात पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' हीच मराठीची वळणे म्हणून सांगितली आहेत. पण युनिकोडमध्ये मराठी 'ल' आणि हिंदी 'ल' यांचा क्रमांक एकच. कोणते वळण दिसेल हे फाँट ठरवितो. म्हणजे शासनाने निर्णय करावा, शिक्षकाने फळ्यावर गिरवून घ्यावे, आणि मुलाला पडद्यावर दिसावे ते फाँट निवडणाऱ्याच्या मर्जीचे अक्षर! आपल्या शहरात तर चार लिप्यांचे वाचक नांदतात. पूर्व भागातील तेलुगू आणि अक्कलकोटकडील कन्नड वाचकाला बारीक वेलांट्या उलगडण्यासाठी अक्षर मोठे हवे असते. उर्दू वाचकाला नस्तालीक वळण हवे असते. पडद्यावर बहुधा नस्ख येते, ते त्याला वाचता येते पण आपले वाटत नाही. या सर्वांना पुरेल असा एकच चेहरा कोणी दूरदेशी बसून काढू शकणार नाही.

आमच्या वाचनालयात एक निवृत्त गिरणी कामगार रोज येतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. एका विद्यार्थ्याने त्यांच्यासाठी काळ्या पार्श्वभूमीवर ठळक पिवळी अक्षरे लावून दिली होती, वरची नको ती बटणे काढून टाकली होती. एका सकाळी ब्राउझर आपोआप अद्ययावत झाला आणि सारे गेले. ते काही बोलले नाहीत. चार दिवस आले नाहीत, आणि आले ते थेट छापील वर्तमानपत्रांच्या टेबलाकडे गेले.

दाब आणला तर माघार घेतली जाते, याचेही उदाहरण आहे. २०२० मध्ये फोनवरील फायरफॉक्सने जवळजवळ साऱ्या पुरवण्या काढून मोजक्याच ठेवल्या होत्या. वापरणारे तीन वर्षे तक्रार करीत राहिले आणि डिसेंबर २०२३ मध्ये ते दार पुन्हा सर्वांसाठी उघडले. कायद्याचे बळही आता आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग मानला आहे. सरकारी संकेतस्थळांवर 'अ-' आणि 'अ+' अशी बटणे असतात, पण ती दाबून पान मोडत नाही ना, हे कोण पाहतो? महापालिका, जिल्हा परिषद आणि विद्यापीठ यांच्या संकेतस्थळांची एकेक पाने वाचकाच्या फाँटमध्ये, दुप्पट आकारात उघडून पाहावीत, जिथे अर्जाचे रकाने एकमेकांवर चढतात तिथली छायाचित्रे घ्यावीत आणि ती जोडून निवेदन द्यावे. सार्वजनिक वाचनालयांनी संगणकावर कोणता ब्राउझर ठेवायचा, हे विक्रेत्यावर सोडू नये.

फायरफॉक्समध्ये एक सोय अजून शिल्लक आहे, ती ठाऊक असलेली माणसे मला क्वचितच भेटली. सेटिंगमध्ये फाँटच्या प्रगत भागात गेले, की देवनागरीसाठी वेगळा फाँट, वेगळा आकार आणि किमान आकार ठरविता येतो. तेलुगू, कन्नड आणि अरबी लिपीसाठीही तसेच. पानाने स्वतःचा फाँट वापरू नये, अशीही आज्ञा तिथेच देता येते. मग काही ठिकाणी चिन्हांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतील, तेवढे सोसावे. चहानंतर शेजारच्या खोलीतील संगणकावर हे करून दाखविणार आहे. ज्यांचा चष्मा जाड आहे त्यांनी पुढच्या रांगेत बसावे.