नळ कोणाच्या नावावर?

(रत्नागिरी येथे महिला मंडळे व बचत गटांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

'नगरपालिकेचा कारभार आणि स्त्रिया' असा विषय मला दिला आहे. मघाशी चहाच्या वेळी दोघीजणींनी विचारलं, "ताई, यात बोलण्यासारखं काय आहे? नळ, गटार, कचरा, दिवाबत्ती. त्यापेक्षा हिंसाचारावर बोला ना." मला त्यांचा राग आला नाही, कारण काही वर्षांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं. एम.एस.डब्ल्यू. करून कामाला लागले तेव्हा माझ्या डोक्यात तीनच ठिकाणं होती: पोलीस ठाणं, कोर्ट आणि दवाखाना. नगरपालिकेची पायरी मी चढायचे ती कार्यक्रमासाठी सभागृह भाड्याने मिळेल का, एवढंच विचारायला.

माझा हा समज एका बाईने मोडला. कोकणातल्या एका लहान शहरातली ही गोष्ट. शहराचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण हा दोष एका कचेरीचा नाही, असं कुठेही घडू शकतं. बाई काजूच्या कारखान्यात कामाला. नवरा मुंबईला. घरात सासू आणि दोन मुलं. नवऱ्याने मुंबईत दुसरा संसार मांडला आणि इथलं घर विकायचं ठरवलं. ही घर सोडेना. त्याने तिला मारलं नाही, घराबाहेर काढलं नाही. त्याने फक्त नगरपालिकेला एक अर्ज दिला: 'माझ्या नावावरची नळजोडणी मला नको आहे, ती बंद करावी.' थकबाकी काहीच नव्हती. फिटर आला आणि नळ तोडून गेला. महिना मे.

ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी होती. तिच्यात बारा वर्षांच्या पाणीपट्टीच्या पावत्या. प्रत्येक पावतीचे पैसे तिने स्वतःच्या मजुरीतून भरलेले. आम्ही दोघी पाणी विभागात गेलो. तिथला कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने रजिस्टर आमच्याकडे फिरवलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "नळधारकाचाच अर्ज आहे. तुमचं नाव यात कुठे आहे?" नव्हतंच. पावत्यांवरसुद्धा नवऱ्याचंच नाव. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "पाणी मी भरते, पट्टी मी भरते, नि नळ मात्र त्याचा!"

त्या दिवशी मला कळलं की बाईला घराबाहेर काढायला दरवेळी हात उगारावा लागत नाही, सरकारी रजिस्टरातली एक ओळही पुरते.

पुढे काय केलं तेही सांगते, कारण ते तुम्हालाही उपयोगी पडेल. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात 'आर्थिक छळ' म्हणून जे सांगितलं आहे, त्यात राहत्या घराचा आणि तिथल्या सोयींचा वापर बंद करणं हेही येतं. सामायिक घरात राहण्याचा हक्क त्या कायद्याने बाईला दिला आहे, मग घर कोणाच्याही नावावर असो. आम्ही संरक्षण अधिकाऱ्यांकडे तक्रार नोंदवली. तिची प्रत जोडून मुख्याधिकाऱ्यांना पत्र दिलं आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतला. तेविसाव्या दिवशी नळ पुन्हा जोडला. तेवीस दिवस ती कारखान्यातून आल्यावर शेजारच्या विहिरीवर जात होती. आणि मैत्रिणींनो, नळ अजूनही त्याच्याच नावावर आहे. ही विजयाची गोष्ट नाही, अर्ध्यावर राहिलेली गोष्ट आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. २००१ मध्ये ११३६. महाराष्ट्रात सर्वांत जास्त. हे आकडे आपण अभिमानाने सांगतो, पण त्याचं मोठं कारण पुरुष मुंबईला आहेत हे आहे. गिरण्या होत्या तेव्हा गिरणीत होते, आता इतर कामांत आहेत. म्हणजे घर चालवतात बाया, रांगेत उभ्या राहतात बाया, पट्टी भरतात बाया. आणि कागदावर नाव कोणाचं? मुंबईतल्या नवऱ्याचं, नाहीतर वीस वर्षांपूर्वी वारलेल्या सासऱ्याचं.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पण जांभ्याच्या जमिनीतून पाणी निचरून जातं. शीळ धरणातून शहराला पाणी येतं, तरी उन्हाळ्यात दिवसाआड पाण्याची पाळी अनेकदा आलेली आहे. पाणी दिवसाआड आलं तर कोणाची झोप मोडते, कोणाची कामाची पाळी बुडते, हे मी तुम्हाला सांगायला नको. ज्या गोष्टीवर आपला दिवस अवलंबून आहे तिच्या नोंदवहीत आपण नाही.

तेव्हा नगरपालिकेच्या खिडक्यांकडे नीट बघूया.

पहिली खिडकी घरपट्टीची. एक गोष्ट स्पष्ट करते. घरपट्टीचा उतारा हा मालकीचा पुरावा नव्हे. कर कोणाकडून वसूल करायचा, एवढ्यासाठी ती नोंद असते. तरीही रहिवासाचा पुरावा, कर्ज, वीज, नळ, सगळीकडे तोच उतारा मागतात. त्यात मालकाच्या नावाशेजारी भोगवटादाराचा रकाना असतो. आपल्या घराचा उतारा तुमच्यापैकी किती जणींनी पाहिला आहे? (चार हात वर झाले.) पती वारल्यावर वारस नोंद करताना पुष्कळ ठिकाणी फक्त मुलांची नावं लावली जातात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे विधवा ही मुलांच्या बरोबरीची वारस आहे, मुलीही आहेत. मुसलमान, ख्रिस्ती मैत्रिणींचे कायदे वेगळे आहेत, पण विधवेला हिस्सा त्यांतही आहे. 'आई काय, आपल्याकडेच राहणार आहे' असं म्हणून तिचं नाव गळतं. गळालं की तिच्या सहीची गरज संपते. सहीची गरज संपली की तिला विचारायचीही गरज संपते.

दुसरी खिडकी विवाह नोंदणीची. १९९८ च्या राज्याच्या कायद्याने ही नोंदणी शहरात नगरपालिकेकडे आणि गावात ग्रामपंचायतीकडे होते. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करा असं सांगितलं. नोंदणी नसली म्हणून लग्न खोटं ठरत नाही, पण परित्यक्तांबरोबर काम करणाऱ्या कोणालाही विचारा. पोटगीच्या दाव्यात समोरचा वकील पहिला प्रश्न विचारतो, "लग्न झाल्याचा पुरावा काय?" मग आपण पत्रिका शोधतो, फोटो शोधतो, भटजींना शोधतो. नोंदणीला नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात आणि तीन साक्षीदार लागतात. नवरा निघून गेल्यावर त्याची सही कुठून आणणार? म्हणून लग्नाच्या घरी जेवायला जाता तेव्हाच विचारा, "नोंदणी कधी करताय?" हळदीकुंकवात विचारा. आहेर कमी केलात तरी चालेल.

तिसरी जन्म नोंदणीची. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळा, पासपोर्ट अशा अनेक कामांसाठी जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा आहे. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं नाव आणि मग वडिलांचं नाव लावायचा निर्णय घेतला. एकट्या आईला मुलाच्या दाखल्यासाठी बापाचं नाव सांगण्याची सक्ती करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच सांगितलं आहे. निर्णय दिल्लीत आणि मुंबईत होतात, पण खिडकीवर त्याचं काय होतं ते बघायला आपण असावं लागतं.

चौथी गोष्ट खिडकीवर दिसत नाही. ती म्हणजे अंदाजपत्रक. साधारण फेब्रुवारीच्या सुमारास ते सभेपुढे येतं. महिला व बालकल्याणासाठी पाच टक्के निधी राखून ठेवावा असे शासनाचे आदेश आहेत. आता हा निधी जातो कुठे? पुष्कळ ठिकाणी शिलाई मशीन, मेंदीचा वर्ग, ब्युटी पार्लरचा वर्ग आणि ८ मार्चचा कार्यक्रम. शिवणकामाला माझी ना नाही. त्यावर घर चालवणाऱ्या बाया मी ओळखते. पण कोकणातल्या कुठल्याही बाजारात जा. पहाटे मासळीची पाटी घेऊन आलेली बाई किंवा गावातून भाजी घेऊन आलेली आजी दुपारपर्यंत पाणी पीत नाही, कारण प्यायली तर जायचं कुठे? मुंबईत २०११ पासून 'राईट टू पी' या नावाने बायांनी मुतारीच्या हक्कासाठी चळवळ चालवली. नाव ऐकून आधी लोक हसले. आपल्याला हसू येत नाही ना? मग बाजारातलं स्वच्छ, पाणी असलेलं, कडी असलेलं संडास-मुतारी हे महिला कल्याणाचं काम आहे, असं लेखी मागूया. पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्याप्रमाणे शहराच्या पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेतेच असायला हवेत आणि त्यांत एक तृतीयांश बाया. आपल्या मासळीवाल्या मावशीला हे कोणी सांगितलं आहे का? बाजार फीची पावती जपून ठेव, तोच तुझ्या धंद्याचा पुरावा आहे, एवढं तरी?

आता सभेविषयी. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली, तिने शहरांच्या कारभारात बायांना एक तृतीयांश जागा दिल्या. महाराष्ट्रात २०११ मध्ये त्या निम्म्या झाल्या. पण इथे २०१६ च्या निवडणुकीतून आलेल्या सदस्यांची मुदत संपल्यावर २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं प्रशासक होता. राज्यभर हेच झालं, कारण आरक्षणाचे खटले सर्वोच्च न्यायालयात होते. न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घ्या असं सांगितलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. त्या चार वर्षांत कामं बंद नव्हती. पाणी येत होतं, कचरा उचलला जात होता. पण निवडून आलेल्यांची सभा नव्हती, विषय समित्या नव्हत्या. प्रश्न विचारायला निम्म्या जागांवर असायला हव्या होत्या त्या बाया नव्हत्या. आणि आपण, स्त्री-संघटनांनी, त्यावर फारसा आवाज केला नाही. हे मी स्वतःला धरून बोलते आहे. आपल्याला ते पुरुषांचं राजकारण वाटलं.

आता सभा परत आली आहे. "नगरसेविका काय, सगळं तिचा नवराच बघतो" असं आपण सहज म्हणतो. काही ठिकाणी खरंही असतं. पण विषयपत्रिका तिच्या हातात पडल्यावर ती कशी वाचायची हे तिला सांगायला कोण जातं? ठेकेदार जातो, पक्षाचा माणूस जातो. आपण निवडणुकीच्या वेळी ओवाळतो आणि नंतर टीका करतो. तिच्याकडे आपण विषय घेऊन गेलो, तर तिलाही नवऱ्याला सांगायला होईल, "थांबा, बायांचं काम आहे, मीच बोलते."

शेवटी कामाचं बोलते. पुढच्या तीन महिन्यांत प्रत्येक मंडळाने एवढं करायचं.

आपल्या प्रत्येक सभासदाने घरपट्टीचा उतारा आणि पाण्याचं बिल बैठकीत घेऊन यायचं. कोणाचं नाव आहे ते मोठ्याने वाचायचं. पती वारले असतील तर वारस नोंदीचा आणि नळाच्या नावात बदल करण्याचा अर्ज त्याच बैठकीत लिहायचा. या दोन्ही सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली आहेत. मुदत किती, अधिकारी कोण, हे कचेरीतल्या फलकावर लिहिलेलं असतं. मुदतीत काम झालं नाही तर अपील करता येतं.

कुठलाही अर्ज दोन प्रतींत. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का. तोंडी विनंतीची नोंद कुठेच होत नाही.

महिला व बालकल्याणाचा मागच्या वर्षीचा खर्च माहितीच्या अधिकारात मागायचा. दहा रुपयांचं तिकीट लागतं, तीस दिवसांत उत्तर मिळायला हवं. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही दहा रुपये नाहीत.

आणि सभेच्या दिवशी दोघी-तिघींनी प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसायचं. पहिल्या वेळी काही कळणार नाही. मलाही कळलं नव्हतं. तिसऱ्या वेळी कळतं. मुख्य म्हणजे आपण बसलो आहोत हे त्यांना कळतं.

त्या काजू कारखान्यातल्या बाईला मी इथे बोलवलं होतं. तिला सुट्टी मिळाली नाही. तिने निरोप दिला आहे, तो सांगून थांबते. "बायांना सांगा, नवरा चांगला आहे तोवरच नाव लावून घ्या. मागताना भांडण होत नाही."

तिच्या नळाचा अर्ज आम्ही पुन्हा टाकला आहे. आवक शिक्का माझ्याकडे आहे.