'परत गेल्यावर'च्या यादीतील चार गोष्टी

(संस्थेच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रवास, नाटक, पुस्तके आणि खेळ यांवर आम्ही चार शब्द बोलावेत, अशी संयोजकांची आज्ञा आहे. सौदी अरेबियात पोट भरावयास आलेल्या माणसापुढे हा विषय ठेवणे म्हणजे उपवासाच्या दिवशी पक्वान्नांची चर्चा करणे होय, असे कोणी म्हणेल. आमचे मत तसे नाही. येथे आलेल्या प्रत्येक कुटुंबाजवळ एक अलिखित यादी असते. गावाकडचे घर, बहिणीचे लग्न, मुलांचे शिक्षण ही तिच्यातील वरची कलमे. आणि अगदी तळाशी, 'परत गेल्यावर' या मथळ्याखाली, अजिंठा पाहावयाचा असतो, नाटकाला जावयाचे असते, ग्रंथ वाचावयाचे असतात, पुन्हा एकदा मैदानावर उतरावयाचे असते. इकाम्याचे नूतनीकरण होत राहते आणि तळाची कलमे तळाशीच राहतात. ज्या गोष्टी आपल्या आजोबांना मागूनही मिळाल्या नाहीत, त्या आपण आपण होऊन पुढे ढकलीत आहोत, ही बाब आम्हाला अस्वस्थ करते.

प्रथम प्रवासाविषयी. 'व्हिसा' हा शब्द आपल्या घरांत तांदूळ-डाळीइतकाच रोजचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींच्या टिपणाला 'वेटिंग फॉर अ व्हिसा' असे नाव दिले, तेव्हा त्यांच्या मनात परदेश नव्हता, स्वदेश होता. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांकडे निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरली. अंगावर नवे कपडे, जवळ भाड्याचे पैसे. पण जात कळताच गाडीवान मिळेना. अखेर एक जण तयार झाला तो दुप्पट भाड्यावर, आणि गाडी मुलांनीच हाकावी या अटीवर. बरोबर शिदोरी होती, परंतु पाणी मिळाले नाही म्हणून रात्र उपाशी गेली.

हा प्रसंग आम्हाला येथील रस्त्यांवर हटकून आठवतो. मशिदीच्या भिंतीलगत, घरांच्या फाटकाबाहेर थंड पाण्याची सबील असते. ट्रकचालक, झाडूवाला, अभियंता, सारे तिच्या तोटीखाली पेला धरतात आणि कोणी कोणास नाव विचारीत नाही. (नाव विचारले जाते ते आपल्याच देशबांधवांच्या बैठकीत! "आडनाव काय म्हणालात?" या साध्या प्रश्नाचा सूर आपल्यापैकी कोणास ओळखता येत नाही?) येथेही सीमा आहेत, हे आम्ही विसरत नाही. जेद्दाहून ताइफला जाताना मक्केच्या अलीकडे बिगर-मुस्लिमांसाठी वेगळा रस्ता फुटतो आणि आपली गाडी तिकडे वळते. ती सीमा श्रद्धेची आहे. गावकुसाची सीमा जन्माची होती. दोहोंची गल्लत करू नये, एवढेच आम्हाला सुचवावयाचे आहे.

त्या ताइफच्या डोंगरावर वसंत ऋतूत, आपल्या जयंतीच्या सुमारास, गुलाबाचा हंगाम असतो. किती कुटुंबांनी तो पाहिला? मदिनेच्या उत्तरेस अल-उला येथील हेग्रा, म्हणजेच मदाइन सालेह, २००८ साली जागतिक वारसा ठरले. या देशातील ते पहिले वारसास्थळ. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नबाती लोकांनी तेथील वालुकाश्मात शंभराहून अधिक समाधी-दालने कोरली. त्यांतील एकाकी उभ्या असलेल्या कस्र अल-फरीदचा पायथा अपुरा राहिला आहे. कारागीर वरून खाली कोरीत आले होते, हे त्यावरून उघड दिसते. आपल्या अजिंठ्याच्या अर्धवट लेण्यांतही छत आधी, जमीन नंतर हाच क्रम आढळतो. येथे वाढलेल्या मुलाला अजिंठा समजावून सांगण्यास याहून चांगली जागा नाही. त्यासाठी 'परत' जाण्याची वाट कशाला पाहावी? आणि जेद्दाच्या किनाऱ्यावर संध्याकाळी फिरणाऱ्यांनी समोरच्या पाण्याकडेही जरा निराळ्या दृष्टीने पाहावे. ऑगस्ट १९३१ मध्ये दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी निघालेले बाबासाहेब 'मुलतान' बोटीने सुएझकडे गेले ते याच तांबड्या समुद्रातून.

नाटकाचे म्हणाल तर येथे कित्येक दशके सार्वजनिक चित्रपटगृहही नव्हते. पूर्व प्रांतातील मंडळी सुटीच्या दिवशी पंचवीस किलोमीटरचा सागरी पूल ओलांडून बहरीनला सिनेमा पाहावयास जात, हे जुन्या लोकांना आठवत असेल. १८ एप्रिल २०१८ रोजी रियाधमध्ये पडदा पुन्हा उजळला. पडदा आला, तरी मराठी नाटक काही आपोआप येणार नाही. परंतु आपल्या परंपरेला रंगमंदिराची गरज होती कधी? भीमराव कर्डकांचे जलसे गॅसबत्तीच्या उजेडात उभे राहिले आणि जे वर्तमानपत्र वाचू शकत नव्हते त्यांच्यापर्यंत चळवळ पोहोचली. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीसांचे 'युगयात्रा' झाले, तेही व्यावसायिक रंगभूमीची वाट न पाहता. प्रेमानंद गज्वी यांच्या 'घोटभर पाणी' या एकांकिकेला पात्रे लागतात दोन. दिवाणखान्यातला सोफा भिंतीला सरकविला की जागा झाली. नाट्यवाचनास पंधरा माणसे पुरेत. शेजाऱ्याला त्रास नाही आणि येथील नियमांना बाध नाही. आम्ही सांगतो, संहिता हाती घेऊन वाचताना मुले अडखळतात, 'ळ' आणि 'ण' यांवर हसतात, आणि मग एका वाक्यावर एकदम गप्प होतात. ते गप्प होणे फार मोलाचे आहे.

पुस्तकांविषयी थोडक्यात. विमानाच्या सामानात वजनाची मर्यादा असते. लोणच्याची बरणी, पापड, हळद-तिखट आणि महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचे जाडजूड खंड, यांतून काय काढावे याचा वाद विमानतळाच्या काट्यासमोर रंगतो. बहुधा खंड हरतात. ज्यांनी दादरला 'राजगृह' बांधले ते मुख्यत्वे ग्रंथांसाठी, आणि ज्यांची परदेशातून पाठविलेली पुस्तके १९१७ साली पाणतीराने बुडालेल्या बोटीबरोबर समुद्राच्या तळाशी गेली, त्यांचे आपण वारस. मोबाईलवर सर्व काही मिळते, हे खरे. पण मोबाईलवरचे पुस्तक मुलांना बापाच्या हातात दिसत नाही. बाप मोबाईल पाहतो आहे, एवढेच त्यांना दिसते.

खेळाचा उल्लेख मात्र सविस्तर करावयास हवा, कारण तो आपण सर्वांत क्षुल्लक समजतो. शुक्रवारी पहाटे शहराबाहेरच्या खडकाळ माळावर चटई अंथरून चालणारे सामने आपण पाहिलेच असतील. केरळी, हैदराबादी, पाकिस्तानी, बांगलादेशी, श्रीलंकेचे, सारे तेथे एकत्र येतात. आपली मंडळी बहुधा गाडीत बसून पाहतात! अशा वेळी पळवणकर बाळूंचे स्मरण व्हावे. चर्मकार समाजातील हा डावखुरा गोलंदाज पुण्याच्या युरोपियनांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखीत असे. हिंदूंच्या संघात तो घेतला गेला, चेंडू त्याच्या हातचा चालला. चहा मात्र त्याला तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या पात्रात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. कर्णधारपद त्याला कधीच लाभले नाही. ते १९२३ साली त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, मिळाले. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. त्यामुळे आपल्या सभांतून त्यांचे नाव निघत नाही. आमच्या मते हा अन्याय आहे. राजकारणातला विरोध मान्य करूनही त्या डाव्या हाताने काय मिळविले, ते मुलांना सांगावयास हवे.

आणि मुलींनाही. या देशात सरकारी शाळांतून मुलींना शारीरिक शिक्षण देण्याचा निर्णय २०१७ साली झाला, आणि जानेवारी २०१८ पासून स्त्रिया स्टेडियममध्ये सामने पाहू लागल्या. यजमान देश आपल्या मुलींसाठी दारे उघडीत असता आपल्या घरातील मुलगी मात्र 'ऊन लागेल' म्हणून आत बसणार काय?

एक कटू गोष्ट बोलणे भाग आहे. जुलै २०१७ पासून कुटुंबातील प्रत्येक अवलंबितामागे दरमहा शंभर रियाल शुल्क सुरू झाले आणि २०२० पर्यंत ते चारशेवर गेले. चौघांच्या घरात कमावता एक असेल, तर तिघांचे बाराशे. अनेकांनी बायकामुलांना मायदेशी पाठविले, आणि ज्या घरांत रविवारची धम्मवंदना व्हायची तेथे आज चार एकटे पुरुष भात शिजवितात. त्यांची 'परत गेल्यावर'ची यादी अधिकच लांबली आहे. म्हणून या चार गोष्टींत प्रथम त्यांना बोलवावे. नाट्यवाचनात पुरुषपात्रांची वाण पडतेच, आणि क्रिकेटला अकरा माणसे लागतात.

शेवटी एक सूचना. 'फायनल एक्झिट' घेऊन निघणाऱ्या कुटुंबाने आपली मराठी पुस्तके रद्दीत न टाकता मागे राहणाऱ्या घरी पेटीत ठेवावीत, आणि आपले नाव पहिल्या पानावर लिहावे. अशी एक पेटी आमच्याकडे आजच आहे. तीत सतरा पुस्तके आहेत, त्यांतील दोन नाटके. चहाच्या सुटीत पाहून घ्यावीत. वहीत नोंद करून नेण्यास हरकत नाही.

जयभीम.