न दुखणारी जखम



मी बी.ए.ला मराठी घेतलेला माणूस. विज्ञानावर बोलायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही. पण जखमेवर बोलायचा थोडा अधिकार आमच्या घराला आहे, म्हणून बोलतो.

अब्बा शिलाईकाम करायचे. १९९८ साली मशीनची सुई तुटली आणि तिचं टोक अब्बांच्या चवड्यात, अंगठ्याच्या खाली शिरलं. त्यांना कळलंच नाही. मधुमेहानं पाय बधिर झाले होते. दिवसातून पाच वेळा वजू करताना ते पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्यांतून हात फिरवायचे, पण तळव्याकडे नजर गेली नाही. चटईवर डाग दिसला तेव्हा अम्मीनं त्यांचा पाय उचलून पाहिला. टोक निघालं, जखम राहिली. आठ महिने राहिली. अम्मी रोज पट्टी बदलायची. वाळलेली पट्टी ओढली की आदल्या दिवशी आलेली कोवळी कातडीही तिच्याबरोबर निघायची. शेवटी अंगठा काढावा लागला.

साधी जखम आपला क्रम पाळते. रक्त गोठतं, सूज येते, पांढऱ्या पेशी साफसफाई करतात, मग मांस भरतं आणि वरून कातडी येते. जुनाट जखम सुजेच्या पायरीवरच अडून बसते. रक्तपुरवठा तोकडा, त्यात जंतूंनी ठाण मांडलेलं. हे जंतू सुटे राहत नाहीत. विहिरीच्या पायरीवर शेवाळ धरावं तसा बुळबुळीत थर ते स्वतःभोवती तयार करतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. वरून लावलेलं किंवा पोटातून घेतलेलं औषध त्या थराच्या आत नीट पोचत नाही.

अशा जखमांसाठी ‘छापलेल्या’ पट्ट्या बनवायचे प्रयोग गेली काही वर्षं जगभर चालू आहेत. छापणं हा आम्हा कवींच्या जिव्हाळ्याचा विषय, म्हणून माझे कान टवकारले. अमेरिकेत क्लेमसन विद्यापीठात थॉमस बोलंड यांनी साध्या इंकजेट प्रिंटरमध्ये फेरफार करून जिवंत पेशी छापून दाखवल्या, त्याचा शोधनिबंध २००३चा. आता यंत्रं पुढं गेली आहेत. शाई म्हणजे एक पातळ जेल. कधी जिलेटिनचं, कधी तपकिरी समुद्री शेवाळातून काढलेल्या अल्जिनेटचं. अल्जिनेटवर कॅल्शियमचं पाणी पडलं की ते घट्ट होतं. त्यात कायटोसान मिसळतात. ते मिळतं कोलंबी-खेकड्यांच्या कवचांतून. म्हणजे आमच्या कोकणात जी टरफलं आपण उकिरड्यावर टाकतो, त्यांत जंतूंचं आवरण फोडणारा पदार्थ दडलेला आहे. या शाईच्या बारीक धारा जाळीसारख्या एकमेकींवर रचत जायच्या, जखमेचा आकार मोजून बरोबर तेवढीच पट्टी बनवायची. जाळीतून हवा खेळते, ओल टिकते. अम्मीच्या हाताखाली जी कातडी रोज सोलली जायची, ती इथं टिकावी अशी अपेक्षा.

खरी अडचण पुढं आहे. चांदीचे सूक्ष्म कण जंतू मारतात, पण मात्रा वाढली की शेजारची नवी पेशीही मारतात. एकाच पट्टीनं मारायचंही आणि वाढवायचंही! छपाईचा उपयोग इथं होतो. जंतुनाशक एका थरात, जिवंत पेशी दुसऱ्या थरात, आणि औषध हळूहळू झिरपेल अशी रचना. मलमाच्या डबीत हे जमत नाही. अमेरिकेतल्याच वेक फॉरेस्ट संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१९ साली रुग्णशय्येपाशी नेता येईल असं यंत्र मांडलं. ते जखमेवर थेट पेशी छापतं. प्रयोग उंदीर आणि डुकरांवर झाले. या क्षेत्रातलं बरंचसं काम अजून प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवरच आहे, तेव्हा उद्या दवाखान्यात जाऊन कुणी छापील कातडी मागू नये.

आणि एक नाव सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. डॉ. पॉल ब्रँड. १९४६ साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि पुढं कुष्ठरुग्णांवर उपचार करू लागले. रुग्णांचं मांसच नासकं, म्हणून जखमा भरत नाहीत, असा तेव्हा समज होता. ब्रँड यांनी पाय प्लॅस्टरमध्ये ठेवले, भार हलका केला आणि जखमा भरल्या. मांस चांगलंच होतं, गेली होती ती वेदना. वेदना नाही म्हणून माणूस त्याच जखमेवर चालत राहतो. पुढं अमेरिकेत हेच ज्ञान मधुमेहींच्या पायांसाठी वापरलं गेलं.

आमचे अब्बा त्या आठ महिन्यांत त्याच पायानं मशीन चालवत होते. ईदचे कपडे होते, नंतर लग्नसराई. दुखत नाही म्हणायचे, आणि आम्हीही ते ऐकून घेतलं. तेव्हा सोन्याची पट्टी जरी आणली असती, तरी पायटा तिला दिवसभर चेंगरतच राहिला असता.

आता मलाही साखर आहे. डॉक्टरांनी दहा ग्रॅम भाराला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून विचारलं, कळतं का? डाव्या पायाच्या दोन जागी मी गप्प राहिलो. घरी येऊन अम्मीच्या पेटीतला हातआरसा काढला. रात्री निजण्याआधी तो जमिनीवर ठेवतो, त्यावर पाय धरतो. वाकून दिसत नाही, तेव्हा नातीला हाक मारतो. ती तळवा पाहते आणि सांगते, “दादाजान, आज काही नाही.”