फोटोचं देणं



रस्त्यावरच्या छायाचित्रणाचा विषय निघाला की पहिलं नाव येतं आन्री कार्तिए-ब्रेसाँ यांचं. कॅमेरा चमकून कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून ते आपल्या लायकाला काळी पट्टी चिकटवत. समोरच्याला कळायच्या आत फोटो घ्यायचा आणि पुढे सरकायचं. वॉकर इव्हान्स तर 1938 ते 1941 या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाआड कॅमेरा लपवून बसायचे. दोघेही थोर, वादच नाही. पण आज मला बोलायचंय ते उलट वाटेनं गेलेल्यांबद्दल.

1966 मध्ये ब्रूस डेव्हिडसन न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममधल्या शंभराव्या रस्त्यावर गेले. काळ्यांची आणि पोर्तोरिकन लोकांची गरीब वस्ती; तिथं गोरा माणूस कॅमेरा घेऊन आला म्हणजे संशय आलाच. त्यांनी आधी तिथल्या नागरिक समितीची परवानगी काढली. मग नेला तो तिवईवर ठेवायचा, भात्याचा, डोक्यावर काळं कापड ओढून बघायचा अवजड कॅमेरा. तो लपवणार कुठे? समोरचा माणूस राजी असेल आणि क्षणभर स्थिर राहील, तरच फोटो. दोन वर्षं ते जात राहिले आणि छापलेले फोटो ज्याचे त्याला नेऊन देत राहिले. 1970 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यातली माणसं सरळ आपल्याकडे बघतात. कुणी दीनवाणं दिसत नाही. खोलीचे पोपडे निघालेत, पण बसणारा यजमानासारखा बसलाय.

दुसरं उदाहरण आपल्या मुंबईचं. फॉकलंड रोड, म्हणजे कागदोपत्री पठ्ठे बापूराव मार्ग; वेश्यावस्तीचा रस्ता. अमेरिकेच्या मेरी एलन मार्क 1968 मध्ये तिथं पहिल्यांदा गेल्या. बायकांनी अंगावर पाणी फेकलं, कचरा फेकला. पुढेही जेव्हा जेव्हा गेल्या तेव्हा हेच. 1978 च्या ऑक्टोबरात त्या पुन्हा आल्या आणि या वेळी रोज तिथंच राहिल्या. शिव्या खाल्ल्या, बसून राहिल्या. ही बाई हटत नाही म्हटल्यावर आधी रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या बायका बोलायला लागल्या, मग एका घरवालीनं आत घेतलं. मैत्री झाली. 1981 साली पुस्तक निघालं, रंगीत.

एवढ्यावर टाळ्या वाजवून थांबता आलं असतं. पण त्या पुस्तकात अगदी कोवळ्या मुलीही आहेत, चेहऱ्यानिशी. मैत्रीखातर कुणी 'काढ' म्हटलं असेल. पण आपलं चित्र साता समुद्रापार कुणाच्या दिवाणखान्यात जाणार, हे तिला कोण सांगणार होतं? आज पॉक्सो कायद्यानं पीडित बालकाची ओळख माध्यमांतून उघड करायला बंदी आहे, आणि ते योग्यच आहे. मार्क यांच्या चिकाटीला मी मानतो. त्या मुलींचे चेहरे छापायला नको होते, असंही माझं मत आहे. ओळख वाढली की फोटोग्राफरचा हक्क वाढत नाही, जबाबदारी वाढते. मार्क यांनी ती दुसरीकडे निभावली. 1983 मध्ये सिएटलच्या रस्त्यावर भेटलेल्या 'टायनी' या तेरा वर्षांच्या मुलीकडे त्या 2015 मध्ये स्वतःचं निधन होईपर्यंत जात राहिल्या. मुलगी आई झाली, दहा मुलांची, तरी येणंजाणं चालूच होतं.

आता तुमच्याकडे वळतो. सभागृहात कॅमेरेवाले बरेच दिसताहेत. ज्येष्ठात पालख्या निघतील आणि तुम्ही दिवेघाटात जाल. सुरकुतलेला चेहरा, डोक्यावर तुळस, पाठीमागे घाट. तोच फोटो दरवर्षी हजारो जण काढतात, स्पर्धेला पाठवतात. त्या आजीला तो कधी दिसत नाही. "पत्ता कुठे शोधायचा?" असं म्हणू नका. माऊलींच्या रथापुढे 27 दिंड्या चालतात, मागे आणखी कितीतरी. प्रत्येकीचा क्रमांक आणि जागा ठरलेली, म्हणजे दिंडी हाच पत्ता. म्हणून फोटो काढण्याआधी दोन पावलं बरोबर चाला, "माऊली, काढू का?" विचारा. नको म्हणाल्या तर नमस्कार करून पुढे व्हा. हो म्हणाल्या तर नाव, गाव आणि दिंडीचा क्रमांक लिहून घ्या. पुढच्या वर्षी त्याच दिंडीत छापलेला फोटो घेऊन जा. त्या आल्या नसतील, तर त्यांच्या गावचं कुणीतरी असेलच. त्यांच्या हाती द्या.